पेढीची अदृश्य टपालकचेरी व तिचें स्थलांतर

एखाद्या गृहस्थानें महिन्याच्या पहिल्या तारखेस मुलीच्या वसतिगृहाचे पैसे फोनवरून धाडले, कीं दोनचार क्षणांत बँकेचा संदेश येतो आणि त्याच्यापुरतें तें प्रकरण संपतें. बँकेच्या आंत मात्र त्याच वेळीं कितीतरी प्रोग्रॅम कामास लागलेले असतात. एक खात्यांतून रक्कम वजा करितो; दुसरा ती ज्या बँकेंत जावयाची तिकडे तसें कळवितो; तिसरा व्यवहार संशयास्पद तर नाहीं ना, हें पाहतो; चौथा खातेदारास संदेश धाडतो; आणि पांचवा दिवसाच्या हिशेबांत त्याची नोंद करितो. हे प्रोग्रॅम बहुधा निरनिराळ्या वर्षीं, निरनिराळ्या कंपन्यांनीं व निरनिराळ्या संगणकभाषांत लिहिलेले असतात. कित्येकदां तर एकास दुसऱ्याची ओळखही नसते. तरी त्यांच्यामध्यें निरोपांची देवघेव अहोरात्र चालू असते. ही देवघेव घडवून आणणारी जी व्यवस्था तिला इंग्रजींत मेसेजिंग मिडलवेअर असें म्हणतात. मराठींत तिला पेढीची आंतली टपालकचेरी म्हटलें, तर तें फारसें चुकणार नाहीं.

ही टपालकचेरी पूर्वीं प्रत्येक मोठ्या संस्थेच्या स्वतःच्या इमारतींत, थंड केलेल्या खोलींतील सर्व्हरांवर असे. गेल्या दहापंधरा वर्षांत अनेक बँका, विमाकंपन्या, विमानकंपन्या व कारखाने तिला तेथून उठवून क्लाउडवर, म्हणजे भाड्यानें घेतलेल्या विशाल संगणककेंद्रांत, नेऊं लागले आहेत. बाहेरून पाहणाऱ्यास हा केवळ बिऱ्हाड बदलण्याचा प्रकार वाटतो. परंतु बिऱ्हाड बदलतांना एखादी कपबशी फुटली, तर हळहळ घरापुरतीच असते. येथें फुटावयाचा तो निरोप. आणि त्या निरोपांत कोणाचें वेतन असतें, कोणाचें निवृत्तिवेतन, तर कोणाच्या शस्त्रक्रियेसाठीं इस्पितळांत भरावयाची रक्कम. ती एका खात्यांतून निघून दुसऱ्यांत पोहोंचलीच नाहीं, अगर एकदां निघून दोनदां पोहोंचली, तर त्याचा जाच ज्याचा या यंत्रांशीं कांहीं संबंध नाहीं अशा माणसास सोसावा लागतो. म्हणूनच या स्थलांतरांत नेमकें काय हलतें व काय हलतां कामा नये, हें सुशिक्षित नागरिकानें जाणून घेण्यासारखें आहे.

प्रथम ही कचेरी मुळांत हवी कशाला, तें पाहूं. टेलिफोनवर बोलावयाचें, तर दोन्ही बाजूंचीं माणसें एकाच वेळीं जागेवर असावीं लागतात. पत्राचें तसें नाहीं. धाडणारा पत्र पेटींत टाकून आपल्या कामास लागतो. घेणारा परगांवीं असला तरी पत्र टपालांत थांबून राहतें व तो परतल्यावर त्याच्या हातीं पडतें. संगणकाच्या प्रोग्रॅमांनाही असाच संबंध सोयीचा पडतो. खात्यांतून रक्कम वजा करणाऱ्या प्रोग्रॅमास, संदेश धाडणारा प्रोग्रॅम त्या क्षणीं चालू आहे कीं बंद, याची पर्वा करण्याचें कारण उरत नाहीं. तो आपला निरोप एका रांगेंत ठेवून मोकळा होतो; घेणारा सवडीनें रांगेंतून एकेक निरोप उचलतो. सणाच्या आदल्या दिवशीं व्यवहारांचा लोंढा आला, तरी रांग लांबते इतकेंच. कोणाचें काम अडत नाहीं व कांहीं सांडत नाहीं.

ही कल्पना रुजविणाऱ्यांत दोन नांवें आवर्जून घ्यावीं लागतात. मुंबईंत १९५७ सालीं जन्मलेले व पुढें अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत शिकलेले विवेक रणदिवे यांनीं १९८० नंतरच्या दशकांत टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या कंपनीमार्फत 'इन्फर्मेशन बस' नांवाची प्रणाली सिद्ध केली. संगणकाच्या पेटींत निरनिराळे भाग जसे एकाच सामाईक तारमार्गाला जोडलेले असतात, तसे प्रोग्रॅमही एका सामाईक मार्गाला जोडावे, हा तिच्यामागील विचार. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरील पेढ्यांनीं ती उचलून धरली, आणि १९९७ सालीं त्यांतूनच टिब्को ही कंपनी उभी राहिली. दुसरें नांव आयबीएम कंपनीचें. तिनें १९९३ सालीं एमक्यूसिरीज या नांवानें रांगांची जी प्रणाली बाजारांत आणली, ती नांव दोनदां पालटून आज आयबीएम एमक्यू म्हणून ओळखली जाते. बँकांच्या जुन्या यंत्रगृहांत जी टपालकचेरी सांपडते, ती पुष्कळदां हीच असते.

अशा कचेरीवर लोकांनीं तीस वर्षें विश्वास टाकला, तो तिनें दिलेल्या तीन हमींमुळें. पहिली ही, कीं एकदां स्वीकारलेला निरोप गहाळ होणार नाहीं. म्हणूनच टिकाऊ म्हणून नोंदलेला निरोप डिस्कवर लिहून झाल्यावांचून ती धाडणाऱ्यास पोचपावती देत नाहीं, आणि मध्येंच वीज गेली तरी तो डिस्कवर शाबूत राहतो. दुसरी ही, कीं निरोप एकदांच पोहोंचेल. तिसरी ही, कीं एका मार्गानें निघालेले निरोप ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें पोहोंचतील. ज्या निरोपाचा ठावठिकाणा लागत नाहीं, त्याच्यासाठींही तेथें वेगळी रांग असते. टपालखात्यांत पत्ता न लागलेल्या पत्रांसाठीं जसें 'डेड लेटर ऑफिस' असे, तसेंच या रांगेचें नांवही 'डेड लेटर क्यू' असेंच पडलें आहे. स्थलांतराचा सर्व प्रश्न या तीन हमींभोंवतीं फिरतो. सर्व्हर विकत घेतां येतात व भंगारांतही देतां येतात. परंतु ज्या हमीवर शेंकडों प्रोग्रॅम विसंबून लिहिले गेले, ती नव्या जागीं तशीच्या तशी मिळेल, असें गृहीत धरतां येत नाहीं.

क्लाउड या शब्दानें आकाशांतल्या ढगाचा भास होतो, तो मात्र मनांतून काढून टाकावयास हवा. क्लाउड जमिनीवरच असतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१५ सालीं हिंदुस्थानांत जीं केंद्रें सुरू केलीं, त्यांपैकीं एक पुण्यास आहे. ॲमेझॉननें आपलें मुंबईचें केंद्र २०१६ च्या जूनमध्यें उघडलें. या केंद्रांत लक्षावधि संगणक रचलेले असतात आणि त्यांची शक्ति, विजेप्रमाणें, वापरेल तितक्याचें बिल भरून कोणासही मिळते. रांगेची सेवा ही तर या धंद्यांतील अगदीं पहिल्या मालापैकीं एक होय. ॲमेझॉननें एसक्यूएस नांवाची रांगसेवा २००४ च्या नोव्हेंबरांत प्रयोगादाखल व २००६ च्या जुलैंत रीतसर सर्वांस खुली केली.

घरची कचेरी सोडून तेथें जाण्याचीं कारणेंही सयुक्तिक आहेत. घरच्या सर्व्हरांची क्षमता वर्षांतील सर्वांत गर्दीच्या दिवसास पुरेल इतकी ठेवावी लागते. उरलेले दिवस ती निम्मीशिम्मी पडून असते. डिस्का बदलणें, सुरक्षिततेचे नवे तुकडे बसविणें, दुसऱ्या गांवीं राखीव यंत्रगृह सज्ज ठेवणें हा खर्च कधींच संपत नाहीं. आणि त्याहून अवघड गोष्ट म्हणजे, जुन्या प्रणालीचे बारकावे जाणणारीं अनुभवी माणसें एकेक करून निवृत्त होतात व त्यांच्या जागीं येणारी पिढी दुसरीं हत्यारें शिकून आलेली असते.

स्थलांतराचे सामान्यतः तीन मार्ग आहेत. पहिल्यांत जुनीच प्रणाली उचलून क्लाउडमधील भाड्याच्या संगणकांवर ठेवतात; प्रोग्रॅमांना फारसें कांहीं शिकवावें लागत नाहीं, पण देखभालीची कटकटही तशीच राहते. दुसऱ्यांत ओळखीचीच प्रणाली, परंतु तिची देखभाल क्लाउडवाल्याकडे, असा करार असतो. आयबीएमची प्रणाली अशा रीतीनें मिळते, आणि ॲमेझॉननें २०१७ पासून ॲक्टिव्हएमक्यू या मुक्त प्रणालीची अशीच सेवा ठेवली आहे. तिसरा मार्ग जुनी प्रणाली सोडून एसक्यूएससारखी क्लाउडचीच घडण असलेली सेवा पतकरण्याचा. यांत देखभाल जवळजवळ नाहींशी होते. पण हमींची भाषा बदलते, आणि म्हणून प्रोग्रॅमही बदलावे लागतात. पहिला मार्ग स्वस्त दिसतो व तिसरा आधुनिक. परंतु निवड दिसण्यावरून न करतां, कोणत्या रांगेस कोणती हमी खरोखर लागते हें तपासून करावी, हें शहाणपणाचें. एकाच बँकेंत कांहीं रांगा एका मार्गानें व कांहीं दुसऱ्या मार्गानें गेल्या, तरी त्यांत वावगें कांहीं नाहीं.

आतां पहिली हमी घ्या. निरोप गहाळ न होण्याच्या बाबतींत क्लाउड घरापेक्षां कमी नाहीं. एसक्यूएससारखी सेवा निरोपाच्या प्रती निरनिराळ्या इमारतींतील यंत्रांवर ठेवते. तथापि एक भेद नजरेंतून सुटतो. आयबीएमच्या प्रणालींत, निरोपास कोणी मुदत घालून दिली नसेल, तर तो उचलला जाईपर्यंत रांगेंत पडून राहतो, मग महिने लोटले तरी हरकत नाहीं. एसक्यूएसमध्यें मुदत न सांगितल्यास ती चार दिवसांची व जास्तींत जास्त चौदा दिवसांची असते; तीनंतर निरोप पुसला जातो. समजा, एखादा प्रोग्रॅम महिन्याच्या अखेरीस एकदांच जागा होऊन महिनाभराचे निरोप वाचतो. जुन्या घरीं तो वीस वर्षें निर्वेध चालला. नव्या घरीं पहिल्या पंधरवड्याचे निरोप त्याच्या हातीं लागणारच नाहींत, आणि कोठें मोडतोड झाल्याचीही खूण दिसणार नाहीं. असे अपघात आवाज करीत नाहींत, हेंच त्यांचें भय.

दुसरी हमी, एकदांच पोहोंचण्याची, ही सर्वांत नाजूक. रजिस्टर पत्राची पोच परत आली नाहीं, तर पत्रच पोहोंचलें नाहीं कीं पोचपावती वाटेंत हरवली, हें धाडणाऱ्यास कसें कळावें? पुन्हां धाडावें तर दोनदां पोहोंचण्याचें भय. न धाडावें तर मुळींच न पोहोंचण्याचें. १९७५ पासून संगणकशास्त्रांत दोन सेनापतींच्या कोड्याच्या रूपानें हा पेंच चर्चिला गेला आहे. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन सेना व मधल्या खोऱ्यांत शत्रु. दोघांनीं एकाच वेळीं हल्ला करावयाचा, पण जासूद वाटेंत पकडला जाण्याचा संभव. कितीही पोचपावत्यांची देवघेव केली, तरी शेवटल्या पावतीविषयीं शंका उरतेच, असें त्यांत सिद्ध होतें. एसक्यूएसची साधी रांग या पेंचांत उघड उघड बाजू घेते: निरोप निदान एकदां पोहोंचेल, क्वचित् दोनदांही पोहोंचेल, असें ती सांगते. घेणाऱ्यानें निरोप उचलला कीं तो कांहीं काळ, बहुधा तीस सेकंद, इतरांच्या दृष्टीआड ठेवला जातो. तेवढ्यांत घेणाऱ्यानें काम उरकून तो पुसला नाहीं, तर घेणारा मध्येंच कोसळला असावा असें मानून निरोप पुन्हां रांगेंत प्रकट होतो. घेणारा कोसळला नसून केवळ मंद चालला असेल, तर तेंच काम दोनदां होतें.

यावर उपाय रांगेंत नसून घेणाऱ्याच्या दप्तरांत आहे. प्रत्येक निरोपावर, धनादेशावर असतो तसा, स्वतंत्र क्रमांक घालावयाचा. आणि घेणाऱ्यानें काम करण्यापूर्वीं तो क्रमांक आपल्या वहींत आधींच नोंदलेला आहे काय, हें पाहावयाचें. असल्यास निरोप शांतपणें बाजूस सारावयाचा. मग तोच निरोप दहादां आला तरी फळ एकाच निरोपाचें मिळतें. 'खात्यांत पांचशें रुपये घाला' हा निरोप दोनदां आला तर घात होतो; 'अमुक क्रमांकाच्या व्यवहाराचे पांचशें रुपये घाला' हा दोनदां आला तरी होत नाहीं. घरच्या प्रणालीची हमी चोख म्हणून जुन्या प्रोग्रॅमांत ही दक्षता पुष्कळदां घेतलेलीच नसते. स्थलांतरापूर्वीं ती घालणें, हा या कामाचा मोठाच भाग होऊन बसतो.

तिसरी हमी क्रमाची. पगार जमा होण्याचा निरोप मागें पडून घराच्या हप्त्याचा पुढें गेला, तर शिल्लक अपुरी ठरून नाहक दंड बसावयाचा. एसक्यूएसच्या साध्या रांगेंत क्रमाची खात्री नाहीं. म्हणून २०१६ सालीं ॲमेझॉननें क्रम पाळणाऱ्या रांगांचा निराळा प्रकार काढला. त्यांत निरोपांचे गट पाडतां येतात व प्रत्येक गटापुरता क्रम पाळला जातो. खातेंक्रमांक हाच गट मानला, तर प्रत्येक खात्याचे निरोप क्रमानें जातात, आणि निरनिराळ्या खात्यांना एकमेकांसाठीं थांबावें लागत नाहीं. त्याच रांगा पांच मिनिटांच्या आंत आलेली दुसरी प्रत ओळखून टाकूनही देतात. पण सहाव्या मिनिटास आलेल्या प्रतीचें काय? तेथें घेणाऱ्याची वहीच उपयोगी पडते.

आणखी एक सवय घरीं लागलेली असते. हिशेबाच्या वहींत नोंद करणें व निरोप रांगेंत ठेवणें, या दोन गोष्टी जुन्या प्रणालींत एकाच गांठींत बांधतां येतात. दोन्ही होतात, अगर दोन्ही होत नाहींत. क्लाउडच्या रांगसेवांत ही गांठ बहुधा मिळत नाहीं. मग नोंद झाली व निरोप राहिला, अशा अवस्थेंत यंत्र बंद पडलें, तर रक्कम वजा होऊन पुढें कोणासच कळत नाहीं. तोड अशी, कीं निरोपही प्रथम त्याच हिशेबवहीच्या एका पानावर लिहून ठेवावयाचा, आणि तें पान वाचून निरोप रांगेंत टाकण्याचें काम एका स्वतंत्र प्रोग्रॅमास द्यावयाचें. घराच्या दारांत 'टपालांत टाकावयाचीं पत्रें' ठेवण्याची जी फळी असते, तिचाच हा प्रकार.

येथवरच्या अडचणी हमींच्या झाल्या, यापुढची अंतराची. काचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर जातो. संगणककेंद्र १००० किलोमीटरवर असेल, तर जाऊन येण्यास निदान १० सहस्रांश सेकंद लागणार, आणि कितीही पैसे मोजले तरी तो वेळ कमी करतां येणार नाहीं. मनुष्यास हा विलंब जाणवतही नाहीं. परंतु रात्रीं दहा लक्ष निरोप एकामागून एक धाडणारा व प्रत्येकाच्या पोचपावतीसाठीं थांबणारा प्रोग्रॅम घ्या. घरच्या खोलींत पोच अर्ध्या सहस्रांश सेकंदांत येत असेल, तर तें काम ५०० सेकंदांत, म्हणजे साडेआठ मिनिटांच्या आंत उरकतें. १००० किलोमीटरवर त्याच कामास १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून अधिक लागतात. आणि पहाटे शाखा उघडण्यापूर्वीं संपावयाचें काम शाखा उघडल्यावरही चालूच राहतें. निरोप एकेक न धाडतां गठ्ठ्यानें धाडणें, पुष्कळ हातांनीं एकाच वेळीं धाडणें, अगर केंद्र जवळचें निवडणें, हे यावरचे उपाय.

प्रत्यक्ष स्थलांतराचा आरंभ यंत्रांपासून होत नसून मोजदादीपासून होतो. कोणत्या रांगा आहेत, त्यांत कोण टाकतें, कोण उचलतें, दिवसास किती निरोप जातात, सर्वांत मोठा निरोप केवढा असतो, रांग महिनाअखेरीस किती लांबते, याची यादी करावी लागते. मोठ्या निरोपाचा प्रश्न क्षुल्लक नव्हे: आयबीएमच्या प्रणालींत एक निरोप १०० मेगाबाइटपर्यंत असूं शकतो, क्लाउडच्या सेवांत मर्यादा त्या मानानें फारच लहान. अशा वेळीं अवजड कागदपत्र कोठारांत ठेवून रांगेंतून केवळ त्याची चिठ्ठी धाडतात. मोजदादींत पुष्कळदां अशाही रांगा निघतात, कीं ज्यांचा कर्ता संस्था सोडून गेलेला असतो व उपयोग कोणास सांगतां येत नाहीं. त्या निरुपयोगी समजून बंद करण्याचा मोह होतो; परंतु वर्षांतून एकदां, ३१ मार्चला, जागा होणारा प्रोग्रॅम त्यांवरच टेकलेला असण्याचा संभव असतो.

यादी झाल्यावर जुन्या व नव्या कचेरींमध्यें पूल बांधतात. घेणारे प्रोग्रॅम दोन्ही रांगा ऐकूं लागतात; मग धाडणारे एकेक करून नव्या रांगेकडे वळविले जातात. ज्याचे निरोप क्रमानेंच गेले पाहिजेत, त्याला वळविण्यापूर्वीं त्याचे जुन्या रांगेंतील निरोप संपूर्ण उपसून घ्यावे लागतात, नाहींतर नवा निरोप जुन्याच्या पुढें जातो. रोज रात्रीं दोन्हींकडची बेरीज ताडून पाहिली जाते: निघाले किती, पोहोंचले किती, बेवारशी किती. आणि प्रत्येक पायरीवर मागें फिरण्याची वाट मोकळी ठेवलेली असते.

हा धीमेपणा कित्येक अधिकाऱ्यांना असह्य वाटतो. एका शनिवार-रविवारीं सर्व उरकून टाकूं, असें त्यांना वाटतें. त्यांनीं ब्रिटनमधील टीएसबी बँकेची कहाणी लक्षांत ठेवावी. ती बँक २०१८ च्या एप्रिलमध्यें आपला कारभार लॉइड्स समूहाच्या प्रणालीवरून, तिची तेव्हांची मालक जी स्पेनमधील साबादेल बँक, तिच्या प्रणालीवर नेत होती. तें स्थलांतर क्लाउडचें किंवा केवळ रांगांचें नव्हतें. संबंध बँकेचेंच होतें, आणि मुख्यतः एकाच झटक्यांत केलें गेलें. खात्यांची माहिती नव्या जागीं ठीक पोहोंचली. पण ती वागविणारी यंत्रणा लागलीच अडखळूं लागली. बँकेच्या ५२ लक्ष ग्राहकांपैकीं फार मोठ्या भागास त्याची झळ लागली. शाखा, टेलिफोन, संगणक, सर्वच मार्ग बिघडले. व्यवहार पूर्ववत् होण्यास डिसेंबर उजाडला, आणि २०२२ च्या डिसेंबरांत नियामकांनीं बँकेस ४ कोटि ८६ लक्ष ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. माहिती हलविणें निराळें व तिच्यावर विसंबून असलेलें काम हलविणें निराळें, हा त्यांतील धडा.

सुरक्षिततेचा विचारही नव्यानें करावा लागतो. घरच्या कचेरीचें रक्षण इमारतीची भिंत करीत असे. आंतला तो आपला, असा समज चाले. क्लाउडमध्यें प्रत्येक निरोप वाटेंत कुलूपबंद करावा लागतो आणि प्रत्येक प्रोग्रॅमास त्याच्या कामापुरतीच किल्ली द्यावी लागते. या किल्ल्यांना मुदत असते. ती संपण्याची तारीख ज्याच्या स्मरणांत नाहीं, त्याची कचेरी एखाद्या सकाळीं, कोणाही चोराच्या मदतीवांचून, बंद पडते. शिवाय कायद्याची मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेनें ६ एप्रिल २०१८ रोजीं, पैशांच्या देवघेवीची माहिती हिंदुस्थानांतच सांठविली पाहिजे, असा आदेश काढला. एप्रिल २०२३ मध्यें काढलेल्या व त्याच वर्षीं १ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या दुसऱ्या आदेशांत तिनें असेंही बजावलें, कीं संगणकाचें काम बाहेर दिलें तरी जबाबदारी बाहेर देतां येत नाहीं; आणि करार करतांनाच त्यांतून बाहेर पडण्याची योजनाही आंखलेली असावी.

या जबाबदारीचा अर्थ ग्राहकाच्या भाषेंतही सांगतां येतो. एटीएममधून नोटा न निघतां खात्यांतून रक्कम वजा झाली, तर ती पांच दिवसांत परत जमा झाली पाहिजे, नाहींतर त्यापुढें दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असें रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१९ मध्यें ठरवून दिलें आहे. दोष घरच्या सर्व्हरचा कीं भाड्याच्या रांगेचा, हें तेथें विचारलें जात नाहीं.

मग घर बरें कीं क्लाउड बरा? अनुभव दोहोंचेही सांगतां येतात. दक्षिण कोरियाच्या सरकारचें स्वतःचें संगणककेंद्र डेजॉन येथें होतें. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं तेथें आग लागून सहाशेंहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या, आणि सरकारी नोकरांच्या कागदपत्रांच्या एका कोठाराची दुसरी प्रतच नसल्यामुळें तें नष्ट झालें. उलट, फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें १० मार्च २०२१ रोजीं ओव्हीएच या क्लाउड कंपनीचीच इमारत जळाली, तेव्हां ज्यांनीं दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती अशा भाडेकरूंची माहिती तिच्याबरोबर गेली. आणि २० ऑक्टोबर २०२५ रोजीं ॲमेझॉनच्या अमेरिकेंतील व्हर्जिनिया केंद्रांत संगणकांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेंत दोष उद्भवला, तेव्हां जगभरच्या कितीतरी सेवा तासन्‌तास खोळंबल्या. आग घर व भाड्याची जागा असा भेद पाळत नाहीं. वांचले ते दुसरी प्रत दुसऱ्या जागीं ठेवणारे व ती उपयोगी पडते कीं नाहीं हें अधूनमधून पडताळून पाहणारे.

क्लाउडवर गेल्यानें खर्च आपोआप घटतो, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. तेथें रांगेकडे पाहण्याचेंही शुल्क पडतें. निरोप आला काय, असें दर सेकंदास विचारणारा प्रोग्रॅम दिवसांतून ८६,४०० वेळां विचारतो. तोच, निरोप येईपर्यंत वीस सेकंद थांबून मग उत्तर घेऊं लागला, तर रिकाम्या दिवशीं ४,३२० प्रश्नांत भागतें. जुन्या घरीं ज्या उधळ्या सवयी फुकट खपून गेल्या, त्यांचें बिल नव्या घरीं महिन्याच्या महिन्यास येतें.

स्थलांतराचा शेवट कोणता मानावा, याविषयीं जाणत्यांचा दंडक साधा आहे. नवी रांग चालू झाली तो दिवस शेवटचा धरीत नाहींत. जुन्या रांगेंतील निरोपांची संख्या शून्यावर आल्यावरही ती कांहीं काळ तशीच उघडी ठेवतात. एक महिनाअखेर, एक तिमाही व शक्य तर एक ३१ मार्च तिच्यावर लक्ष ठेवून जाऊं देतात. तेवढ्या अवधींत एकही निरोप चुकून तिच्यांत आला नाहीं, आणि दोन्ही बाजूंच्या बेरजा रोजच्या रोज जुळल्या, म्हणजे मगच जुन्या सर्व्हराची वीज तोडतात. तोंवर ती रिकामी कचेरी उघडी ठेवण्याचा जो खर्च येतो, तो उधळपट्टींत मोडत नाहीं. कोणा अनोळखी माणसाची रक्कम वाटेंत अडकूं नये, यासाठीं दिलेलें तें मोल होय.